शिमग्यात राजगड ते तोरणा, दोघांनी

राजगड-तोरणा ही चाल हिवाळ्यात करावी असं कुणीही सांगेल, आणि ते बरोबरच आहे. पण दोघांच्या सुट्ट्या हिवाळ्यात जुळत नाहीत. जुळतात त्या धुळवडीला, नाहीतर पाडव्याला. त्यामुळे दरवर्षी फाल्गुन-चैत्रात बरेच जण या दोन किल्ल्यांमधल्या धारेवर उतरतात, त्यातले काही दुपारी एक वाजता तोरण्याच्या बुधला माचीखालच्या उतारावर रिकाम्या बाटल्या घेऊन बसलेले दिसतात. पाय सगळ्यांचेच चालतात. फसतं ते घड्याळ आणि पाणी.

आधी सुट्टी कोणती ते ठरवा. माझं मत सरळ आहे: होळी. होळी पौर्णिमेची, पाडवा अमावास्येनंतरचा. होळीला रात्रभर चंद्र असतो आणि पहाटे पाचला तो पश्चिमेकडे कललेला, म्हणजे तोरण्याच्याच दिशेला तुमच्यासमोर असतो. पाडव्याच्या पहाटे मिट्ट काळोख. शिवाय मधले पंधरा दिवस उन्हाच्या बाबतीत फार महागात पडतात. मात्र पंचांग बघून ठेवा. २०२५ साली धुळवड १४ मार्चला होती, त्याच्या आदल्या वर्षी ती २५ मार्चला गेली होती, कारण २०२३ मध्ये अधिक मास येऊन गेला होता. होळी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येत असेल तर तिला पाडवाच समजा आणि खालच्या सगळ्या वेळा अर्धा तास अलीकडे ओढा.

आता दिशा. राजगडाहून तोरण्याला जा, उलट नको. तोरणा राजगडाच्या पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे आहे. सकाळी राजगडावरून निघालं की ऊन पाठीवर येतं आणि सॅक त्यातलं बरंचसं झेलते. उलट्या दिशेने चार तास सूर्य डोळ्यांत घेऊन चालावं लागतं. दुसरं कारण पाण्याचं: मार्चमध्ये राजगडाच्या पद्मावती माचीवरच्या टाक्यांचा भरवसा जास्त, आणि चालायच्या आधी भरपूर पाणी हातात असणं महत्त्वाचं. तिसरं, शेवट तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात होतो आणि वेल्हे हे तालुक्याचं गाव आहे. तिथून पुण्याला परतायची सोय राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यापेक्षा बरी.

गाडी नेणार असाल तर ती वेल्ह्यात लावा आणि तिथून जीप ठरवून गुंजवणे किंवा पाली गाठा. गाडी गुंजवण्यात ठेवून तोरणा उतरलात तर संध्याकाळी दमलेल्या पायांनी गाडीपर्यंत पोचण्याची खटपट करावी लागते, आणि धुळवडीला जीपवाला सापडेलच असं नाही. एसटीने जायचं तर स्वारगेटहून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे जाणारी गाडी पकडून मार्गासनीला, म्हणजे गुंजवण्याच्या फाट्याला, उतरा. सणाच्या दिवशी फेऱ्या कमी होतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. इंटरनेटवरच्या जुन्या वेळापत्रकावर विसंबू नका.

राजगडावर चढायला गुंजवण्याहून चोर दरवाजा किंवा पालीहून पाली दरवाजा. चोर दरवाज्याची वाट उभी आहे, शेवटी कातळात खोबण्या आणि रेलिंग. पालीची वाट पायऱ्यांची, जुनी राजवाट. पाठीवर मुक्कामाचं ओझं असताना मी पालीलाच कौल देतो. दोन्हीकडून दोन ते अडीच तास धरा. दुपारी साडेतीनच्या आत चढायला सुरुवात करू नका, पण चारच्या पुढेही ढकलू नका. मार्चच्या सुरुवातीला सूर्य साडेसहा-पावणेसातला मावळतो आणि माचीवर पोचल्यावर पाणी भरणं उजेडात व्हायला हवं.

गडावरच्या मुक्कामाबद्दल: पूर्वापार लोक पद्मावतीच्या देवळात पथारी टाकत आले आहेत. पण राजगड संरक्षित स्मारक आहे, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे (तोरणा नाही). मुक्कामाचे नियम बदलत राहतात. खालच्या गावात विचारूनच वर चढा. मुक्काम नाही म्हणाले तर वाद न घालता पालीत कुणाच्या घरी रात्र काढा आणि पहाटे चारला पायऱ्यांनी निघा. पाली दरवाजा पद्मावती आणि संजीवनी या दोन माच्यांच्या मधोमध वर येतो, त्यामुळे फार वळसा पडत नाही. साडेसहाला संजीवनीच्या अंगाला लागता. मात्र पाणी पालीतूनच भरून न्यावं लागेल.

पाण्याचा हिशेब असा. मार्चच्या उन्हात, ओझं घेऊन, चढउताराच्या धारेवर माणशी तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं. पद्मावतीहून तोरण्यावरच्या मेंगाईच्या देवळापर्यंत सहा ते सात तास. म्हणजे माणशी चार लिटर, ते वजनही चार किलो. जड वाटतं म्हणून तीनवर भागवणारे पुष्कळ. शेवटचं लिटर लागतं ते नेमकं तोरण्याच्या लोखंडी शिडीच्या चढाला. पाणी एकाच मोठ्या पिशवीत न भरता एकेक लिटरच्या चार बाटल्यांत भरा. किती उरलं ते न विचारता दिसतं, एक फुटली तर तीन शिल्लक राहतात, आणि जोडीदार ‘मला तहान नाही’ म्हणत पाणी वाचवत असेल तर तेही लपत नाही.

टाक्यातलं पाणी तळाला गेलेलं असतं, वर पाचोळा. सुती कापडाच्या चार पदरांतून गाळा, मग क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि निदान अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून गाळणं आधी. हे सगळं संध्याकाळीच उरकायचं. पहाटे साडेचारला कुणीही अर्धा तास थांबत नाही.

ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरमध्ये नाही. दाट केलेलं द्रावण पोटात मळमळ आणतं आणि जुलाबही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चार बाटल्यांपैकी एक अशी, तीन साध्या.

खाण्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, काकडी, संत्री. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी दुसऱ्या दुपारपर्यंत मऊ राहते. पोळी वातड होते आणि कोरडी पोळी तहानलेल्या घशाखाली उतरत नाही. होळी म्हणजे पुरणपोळी आलीच. पुरण चांगलं कोरडं घोटलेलं असेल तर पोळी धुळवडीच्या सकाळपर्यंत टिकते, आणि सकाळी सातला चालताना एक खाल्ली की दोन तास काही लागत नाही. पण ती डब्यात गरम भरू नका. वाफ धरली की रात्रीत आंबते. तूप गडावर नको, घरीच लावून खा. बटाट्याची भाजी, शिजवलेला भात, श्रीखंड हे तीन जिन्नस या ऋतूत सॅकमध्ये असूच नयेत. सुट्टीच्या दिवशी गडावर पिठलं-भाकरी, ताक, लिंबू सरबत मिळतं, आणि गावकऱ्यांकडून ते जरूर घ्यावं. त्यावर हिशेब मात्र बांधू नये.

सॅकमध्ये आणखी काय: दोघांना दोन हेडटॉर्च (एक टॉर्च दोघांत म्हणजे दुसऱ्याला अंधारात पाय टाकावा लागतो), पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, मान झाकणारी टोपी, पंचा, घट्ट तळव्याचे वापरलेले बूट, एकेक काठी, क्रेप बँडेज, सेट्रिझिन (अ‍ॅलर्जीची गोळी), शिट्टी. पाण्यासकट आठ-नऊ किलोच्या वर ओझं गेलं तर काहीतरी काढा. दोर नको. दोघांपैकी एकालाही नीट वापरता येत नसेल तर दोर धीर देतो, सुरक्षितता देत नाही.

पहाटे पाचला पद्मावतीहून निघा. बालेकिल्ल्याच्या पायथ्याला वळसा घालून वाट संजीवनी माचीकडे जाते. ही माची अडीच किलोमीटर लांब आहे, टप्प्याटप्प्याने उतरत जाणारी, दुहेरी तटबंदीची. दिवसा बघायला तास पुरत नाही. पहाटे ती नुसती पार करायची असते, म्हणून ती आदल्या संध्याकाळी बघायचा मोह असेल तर दुपारचे बेत त्या हिशेबाने आखा. अळू दरवाजा सहा-सव्वासहाला येतो. तिथे थांबा. पुढचा उतार अंधारात उतरू नका, चंद्र कितीही लख्ख असला तरी. तटाला लागून अरुंद आडवी वाट, एका बाजूला दरी, खाली सुटा दगड. चांदण्यात दगडाची सावली आणि खड्डा सारखेच दिसतात. साडेसहाला उजेड फुटतो. तोवर टॉर्च आत, काठ्या बाहेर, बुटांच्या नाड्या पुन्हा घट्ट.

इथून या ऋतूतलं खरं काम सुरू होतं, ते म्हणजे घसारा. पावसाळ्यात या उतारावर चिखल असतो, हिवाळ्यात माती जरा धरून असते, मार्चमध्ये माती पूर्ण सुटलेली. कातळावर पसरलेला बारीक मुरूम म्हणजे ओट्यावर सांडलेला साबुदाणा. पाऊल लांब टाकलं की टाच सटकते आणि माणूस पाठीवर बसतो, बहुतेक वेळा हात मागे टेकवून. मनगट मोडतं ते असंच. गुडघे किंचित वाकवून, लहान पावलं, उभ्या उतारावर अंग आडवं करून एकेक पाय. काठी उताराच्या खालच्या बाजूला आधी रोवायची, मग पाय. वाळून आडवं पडलेलं गवत याहून फसवं: वरून गादी दिसते, खाली घसरगुंडी. मुरमाची मोकळी वाट आणि गवत यांत निवड असेल तर मुरूमच घ्या. आधाराला कारवीची झुडपं धरायची सवय असेल तर ती सोडा. पावसाळ्यात ओली कारवी माणसाचं वजन पेलते, मार्चमध्ये तीच काठी कडकन मोडून हातात येते. दोघांत निदान पाच-सहा मीटर अंतर ठेवा आणि एकमेकांच्या थेट खाली येऊ नका. मागच्याच्या पायाने सुटलेला दगड पुढच्यालाच लागतो.

धारेवर आल्यावर वाट चुकायचं मुख्य कारण ढोरवाटा. गुरं सावलीच्या मागे जातात, म्हणून त्यांच्या वाटा धारेखालून झाडीत शिरतात आणि अगदी मळलेल्या दिसतात. ऊन चढायला लागलं की माणसालाही त्याच गोड वाटतात. दहा मिनिटं सपाट चाललात, वर धार दिसेनाशी झाली आणि समोर फाटे फुटायला लागले, की समजा गुरांच्या मागे लागलात. मागे फिरा, वर झाडीतून घुसून धार गाठायचा प्रयत्न करू नका, करवंदीच्या जाळ्या कपड्यांसकट कातडं फाडतात. धार सोडायची नाही हा नियम, अपवाद फक्त दगडांवर रंगवलेले बाण ठळक दिसत असतील तिथे. एखादा पट्टा वणव्यात जळलेला असेल तर सांभाळून. राखेखाली वाट दिसत नाही आणि गवताची मुळं जळाल्याने मोठे दगडसुद्धा हलतात. दूर कुठे धूर दिसला तर वारा कोणत्या बाजूने आहे ते आधी बघा. आग चढावर झपाट्याने धावते, त्यामुळे पेटलेल्या उताराच्या वरच्या अंगाला कधीही राहू नका. जळून गेलेला काळा पट्टा किंवा मोकळा कातळ जवळ करा.

बाकी ही धार या दिवसांत देखणी असते हे मान्य करायला हवं. खालच्या टप्प्यात काटेसावर आणि पांगारा पानं टाकून लाल झालेले, करवंदीला पांढरी फुलं, कुसुमाची कोवळी तांबडी पालवी फुलांपेक्षा भडक. तांबटाचं टुकटुक थांबत नाही. फुलं बघायची ती साडेआठच्या आत. नंतर नजर पायाखालीच असते.

सव्वाआठ ते पावणेनऊच्या सुमाराला धार खिंडीत उतरते आणि डांबरी रस्ता आडवा येतो, एका अंगाला वेल्ह्याच्या खोऱ्यात, दुसऱ्या अंगाला भुतोंड्याकडे जाणारा. या ट्रेकमधली सर्वांत महत्त्वाची जागा हीच, आणि तिथे बघण्यासारखं काहीच नाही. पुढे जायचं की नाही ते इथे ठरतं, कारण इथून पुढे शिडीपर्यंत सोयीची उतरायची वाट नाही. तीन गोष्टी तपासा: साडेनऊ वाजून गेलेत का, माणशी दोन लिटर पाणी उरलंय का, दोघांपैकी कुणाचं डोकं दुखतंय किंवा पायात गोळे येताहेत का. एकही उत्तर चुकीचं आलं तर रस्त्याने वेल्ह्याच्या बाजूला खाली चालू लागा. डांबरावरून उतरण्यात कमीपणा वाटतो, त्यामुळेच ही अट घरून निघतानाच दोघांनी बोलून ठेवायची. खिंडीत उन्हात उभं राहून चर्चा केली की ज्याचा उत्साह जास्त त्याचंच चालतं, आणि दमलेला असतो तो दुसराच.

दोघांनीच जाण्याचा खरा धोकाही हाच. तिघे असले की एक जखमीजवळ थांबतो, एक मदतीला जातो. दोघांत हे जमत नाही. म्हणून घरी एका माणसाकडे वाट, मुक्काम आणि ‘संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर’ पुढे काय करायचं हे लेखी ठेवा. ११२ आणि १०८ सगळ्यांना माहीत असतात. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइनही दोघांच्या फोनमध्ये भरून ठेवा. एक फोन दिवसभर बंद ठेवायचा. चालताना हळू चालणारा पुढे, वेगवान मागे. उलट केलं की पुढचा थांबून विश्रांती घेतो, मागचा पोचला की लगेच उठतो, आणि ज्याला विश्रांती हवी त्याला ती मिळतच नाही. औषधं एकाच सॅकमध्ये नकोत.

रस्त्यानंतर चढ हळूहळू अंगावर येतो. वाटेत एखादं घर लागतं, तिथे ताक मिळालं तर घ्या. तासाला दहा मिनिटं थांबायचं ते सावलीतच, पुढची सावली शंभर पावलांवर असली तरी तिथपर्यंत जाऊन. बोलणं असंबद्ध झालं, तोल जायला लागला तर तो उष्माघात, घाम येत असला तरी. तिथून पुढे ट्रेक संपला. सावलीत आडवं करा, कपडे सैल, मान-काखा-जांघेत ओला पंचा, वारा घाला आणि मदत मागवा. नीट शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात, राजगडावरही आणि तोरण्याकडेही. अत्तर, डिओ घरीच. धूर नको, आरडाओरडा नको, ड्रोन तर नकोच. होळी आहे म्हणून गडावर चार काटक्या पेटवायची हौस येते; मोहोळ उठायला आणि वणवा लागायला तेवढं पुरतं. माश्या आल्याच तर हात झाडू नका, पंचाने तोंड-मान झाका आणि कड्यापासून दूर, शक्य तितक्या लवकर निघून जा. धावताना दरीचा कडा कुठे आहे ते विसरू नका. काटा राहिला असेल तर नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा. श्वास लागला किंवा ओठ सुजले तर गोळी देऊन वाट बघत बसू नका, १०८.

अकरा-साडेअकराला कातळटप्पा आणि लोखंडी शिडी. एका वेळी एकच माणूस, तोंड कातळाकडे, तीन ठिकाणी पकड. लोखंड तापलेलं असतं; रुमाल गुंडाळून धरायला जाऊ नका, तो घसरतो. पकडायच्या आधी बाजूच्या दांड्यांवर थोडं पाणी शिंपडलं तर हात टिकतो, आणि पहिल्या पायरीवर वजन टाकण्याआधी शिडी हलवून बघा. काठ्या सॅकला बांधलेल्या, सॅकचे पट्टे लोंबकळत नाहीत ना ते जोडीदाराने बघायचं. वर आलं की बुधला माची, तिथून कोकण दरवाज्याने मुख्य गडात आणि मेंगाईच्या देवळात. १६४६ च्या सुमारास महाराजांनी हा गड घेतला, त्याचा पसारा बघून त्याला प्रचंडगड म्हणाले. बुधल्यावरून देवळापर्यंत भर दुपारी चालताना तो पसारा पायांना कळतो. १४०३ मीटर उंचीमुळे वर वारा असतो, पण वाऱ्याने घाम वाळतो आणि पाणी प्यायचं राहून जातं.

साडेबारा ते तीन देवळात झोपा. झुंजार माची बघायची तर तीननंतर, आणि पाय थरथरत नसतील तरच. निघण्याआधी टाक्यातून माणशी दीड लिटर भरून, गाळून, क्लोरीन टाकून घ्या. बिनी दरवाज्याखाली पाणी नाही, सावलीही जवळजवळ नाही. कोठी दरवाजा, बिनी दरवाजा, मग रेलिंगचा कातळ आणि पुन्हा तोच मुरूम, दोन ते अडीच तास. रेलिंगचा कुठला खांब सुटलेला असेल ते सांगता येत नाही, म्हणून हात ठेवा, भार टाकू नका. इथे गर्दी वर येणाऱ्यांची असते आणि वाट अरुंद. चढणाऱ्याला आधी जाऊ द्या, स्वतः डोंगराच्या बाजूला उभे राहा.

वेल्ह्यात सहापर्यंत पोचता. घरी फोन आधी करा. मग स्टँडवर शेवटच्या गाडीची चौकशी, आणि ती रद्द असेल तर नसरापूरपर्यंत जाणारी जीप लगेच ठरवा; अंधार पडल्यावर हायवेकडे जाणारं वाहन मिळणं कठीण होतं, धुळवडीच्या रात्री तर अधिकच. चालक शुद्धीवर आहे ना तेही बघून घ्या.